दोन पोती राख

"आप्पा पिवळे पडलेत," ताई फोनवर म्हणाली.

मी प्रयोगशाळेत होतो. कुणाच्या तरी उसाच्या रानातली ढेकळं लाकडी हातोडीनं फोडत होतो. तसाच फोन खांद्यात धरून मी विचारलं, "किती?"

"शेंड्याची पानं पार लिंबासारखी. खालची कडेनं करपलीत."

"शिरा हिरव्या आहेत का?"

"मला काय माहीत शिरा! तू ये, इंद्रा. आई जेवत नाही. काल हौदापाशी चक्कर येऊन पडली."

शेजारच्या टेबलावरच्या गुळवणी मॅडम हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. "वडलांना कावीळ झाली का रे?"

"नाही मॅडम. वडील वारले."

"अरे देवा! आत्ता?"

"दसऱ्यात."

मॅडम मान खाली घालून पुन्हा कामाला लागल्या. त्या वर्षी आमच्या घरातलं कुठलंच वाक्य परक्या माणसासमोर बोलण्यासारखं राहिलं नव्हतं.

झालं होतं असं. आमच्या गावात रक्षा नदीत सोडत नाहीत. एक तर नदीला पाणी नसतं आणि दुसरं म्हणजे नाना. नाना माझे चुलते, आप्पांचे धाकटे भाऊ, निवृत्त मास्तर. सावडायच्या दिवशी रक्षा आपल्याच रानात न्यायची, मूठभर खड्ड्यात घालून वर झाड लावायचं आणि उरलेली बांधाबांधानं उधळायची, ही पद्धत गावात त्यांनीच आणली. दर वेळी ते छोटंसं भाषण करायचे. माणूस गेला असं समजू नका, तो आता झाडाच्या रूपानं तुमच्यात आहे, वगैरे. लोक माना डोलवायचे, झाड लावायचे आणि आठ दिवसांनी शेळी ते खाऊन जायची. शेळीला कुणी काही म्हणत नसे.

आप्पांच्या वेळेला आई खड्ड्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मूठभर म्हंजी कुठली मूठ?"

नानांना कळलं नाही. "कुठलीही, वहिनी."

"कुठलीही कशी? पायाची का डोक्याची? आन् उरल्यालं कुठं टाकणार? बांधाला? मला सगळे पायजेत. एका जागी."

सगळे म्हणजे चितेची सगळी राख. लाकडं, गोवऱ्या, आप्पा. त्यातले आप्पा वेगळे काढणार कोण? दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, कृषी सेवा केंद्र आहे. त्यांनी दुकानातली खताची दोन रिकामी पोती आणली. ती दोन्ही गच्च भरली आणि घरामागच्या एका खड्ड्यात रिकामी झाली. वर केशर आंब्याचं कलम. कृषी पदवीधर असा मी तिथंच उभा होतो, पण सावडायच्या दिवशी कुणी मातीचा सामू मोजत नाही.

मी संध्याकाळच्या गाडीनं गावी पोचलो.

झाडाकडे बघितल्याबरोबर मला कळलं. कोवळ्या पानांचा रंग उडाला होता, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या होत्या, हाताच्या पाठीवरच्या नसा दिसतात तशा. जुन्या पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपल्या होत्या. बुडख्याशी मातीवर पांढरी खपली धरली होती. आणि भोवतीनं आमचं खानदान.

"मी आधी डीएपी दिलं," दाजी म्हणाले. दाजींचं नाव अमरसिंह. आवाज कायम गिऱ्हाईकाशी बोलल्यासारखा. "फरक पडला नाही म्हणून युरिया दिला. मग एकोणीस-एकोणीस-एकोणीस."

"किती दिलं?"

"घरचंच आहे म्हणून हात आखडला नाही."

"मी शेणकाला घातला," नाना म्हणाले. "आणि गूळ. जिवाणूंसाठी."

"आई, तू?"

आई झाडाजवळ फतकल मारून बसली होती. दंडात रुतणारी तिची चोळी आता लोंबत होती. ती म्हणाली, "मी काय, रोजचंच. सकाळी च्या. दुपारी आमटी. रातच्याला दूध."

"आमटी?"

"रविवारी रस्सा."

"मीठ घातलेला?"

"आळणी त्यांनी कधी खाल्लंय का?"

त्या महिन्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त खाणं-पिणं त्या कलमाचं होत होतं. तीन फुटांचं झाड, आणि त्याच्या पंगतीला दुकान, गोठा आणि स्वयंपाकघर.

"आणि तू काय खातेस?"

"ताक पिते की."

"भाकरी?"

"त्यांचं हुं दे आधी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवं पान हिरवं फुटू दे. मग भाकरी. मी सांगितलंय त्यास्नी तसं."

ताईनं मला पुढच्या दारी नेलं. डॉक्टरांनी आईचं रक्त तपासलं होतं. असंच चाललं तर पुढच्या वेळी हौदापाशी पडणार नाही, उठणारच नाही, असं ते म्हणाले होते. सगळं करून झालं होतं. ओरडून झालं, पाया पडून झालं, ताईच्या लेकरांनी आज्जीच्या तोंडाशी घास धरून झाला. आई घास घ्यायची, तोंडात ठेवायची आणि बाहेर जाऊन झाडाच्या बुडख्याशी काढून ठेवायची.

"त्यांना आधी," म्हणायची.

आप्पा अन्ननलिकेच्या आजारानं गेले. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पेज. शेवटी शेवटी थुंकीसुद्धा. आईनं त्या चार-पाच महिन्यांत जेवढं रांधलं तेवढं ताईच्या लग्नातही रांधलं नसेल. ती वाटायची, गाळायची, पुन्हा वाटायची, पुन्हा गाळायची. पाटा धुवायला वेळ मिळायचा नाही. आप्पा सहा फुटी माणूस, शेवटी त्यांना खाटेवरून मी एकटा उचलायचो. भरल्या घरात, भरल्या कणग्यांच्या शेजारी माणूस उपाशी मेला.

रात्री जेवताना दाजींनी मोबाईल पुढं केला. त्यावर एका कलमाचा फोटो होता. हिरवंगार.

"हे कोण?" मी म्हणालो.

"सापडलं. त्या हायवेच्या रोपवाटिकेत. सेम उंची, सेम फांदी, डावीकडं वाकलेलं. सासूबाईंना आमच्याकडं दोन दिवस न्यायचं आणि मागं बदलून टाकायचं."

"आप्पा बदलायचे?"

"मी रोपवाटिकावाल्याला फोटो दाखवला. म्हटलं हुबेहूब यांच्यासारखंच पायजे. तो म्हणाला, यांच्यासारखं म्हंजे कुणासारखं? म्हटलं, आमचे सासरे. बिचारा गप शोधायला लागला."

ताईनं कपाळाला हात लावला. पण नाही कुणीच म्हणालं नाही. कल्पना भिकार होती, पण आमच्याकडे असलेल्या सगळ्या कल्पनांत तीच एक होती.

"दाजी," मी म्हणालो, "त्याच खड्ड्यात लावलंत तर नवे आप्पा पण पिवळे पडतील."

सकाळी मी खड्ड्यातली माती घेतली. वरची खपली बाजूला सारून, खुरप्यानं कडेनं खोल जाऊन, जशी घ्यायची तशी. पिशवीवर चिठ्ठी लावावी लागते. शेतकऱ्याचं नाव: दिनकर बाबुराव निकम. पीक: आंबा. आई ओट्यावरून बघत होती.

"काय नेतूस?"

"तपासायला."

"त्यांच्या किती तपासण्या झाल्या," ती म्हणाली. "ने. आनखी एक."

प्रयोगशाळेत गुळवणी मॅडमनी मातीचं पाणी करून त्यात यंत्राची कांडी बुडवली, आकडा बघितला, कांडी धुतली आणि पुन्हा बुडवली. सामू म्हणजे पीएच, मातीचा स्वभाव. सातच्या आसपास असला की माती माणसात बसवता येते. आमच्या भागातली काळी रानं आठच्या वर असतात, म्हणजे जरा हट्टी, पण नांदतात. या मातीचा आकडा दहाच्या जवळ होता.

"कुठल्या कारखान्याच्या नाल्याची रे ही?"

"घरची आहे."

क्षार मोजले, राखेतला पालाश मोजला. पालाश एवढा निघाला की मातीचं पाणी दहापट पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. स्फुरद दाजींच्या कृपेनं भरपूर. मीठ आईच्या कृपेनं.

"इथं माणूस पुरला तरी वाळून जाईल," मॅडम म्हणाल्या.

"तेच केलंय आम्ही," मी म्हणालो.

मग त्यांना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "लोह बघ. जस्त बघ. आहे मातीत, पण या सामूला ते दगडासारखं बांधून बसतं. मुळाला सुटतच नाही. वरून तुम्ही जेवढं घालाल तेवढं आणखी बांधणार." आणि जरा थांबून, "राख काढावी लागेल. सगळी. दुसरा उपाय नाही. मुळं शाबूत असतील तर जगेल."

"आईला कसं सांगू?"

"ते मातीच्या परीक्षणात येत नाही रे," त्या म्हणाल्या.

मी परत गावी गेलो. आई झाडापाशी बसूनच होती. हातात आमटीची वाटी, आमटी बुडख्याला कमी आणि पायावर जास्त. मी तिच्या हातातून वाटी घेतली आणि बाजूला ठेवली.

"आई, याला भूक लागलेली नाही."

"मग पिवळं का पडलंय?"

"खायला भरपूर आहे. मुळापाशी आहे. आत जात नाहीये."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे," मी म्हणालो, "खत आहे, लोह आहे, सगळं आहे. पण राखेनं ते धरून ठेवलंय. झाडाला ओढून घेता येत नाही. आपण जेवढं वर ओततोय तेवढा त्रास वाढतोय."

"अन्न हाय."

"आहे."

"तोंडापातूर हाय."

"हो."

"आन् आत जात न्हाई."

मी मान हलवली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. वाटीकडे बघत ती एवढंच म्हणाली, "परत तसंच."

मग म्हणाली, "काय करायचं म्हंतुयास?"

"राख काढायची."

एवढ्यात नाना आले. त्यांनी ऐकलं. "काढायची म्हणजे? इंद्रजित, तू तुझ्या बापाला उकरून काढणार? लोक काय म्हणतील? मी भाषण केलंय इथं!"

"नाना, राख काढतोय."

"कालपरवापर्यंत तीच राख तुमचे आप्पा होती. पाया पडत होता तुम्ही तिच्या!"

दाजींनी मधला मार्ग काढून बघितला: अर्धीच काढू. नाना म्हणाले, कुठली अर्धी? खड्ड्यासमोर उभं राहून आम्ही तिघं शिकलेली माणसं आप्पांची वाटणी करू शकत नव्हतो.

आई हाताचा टेका देऊन उठली. उठताना झोकांडी गेली, ताईनं सावरलं.

"भावजी," ती नानांना म्हणाली, "त्यांच्या घशात अडकलं तवा कुणी काढलं न्हाई. ह्ये तरी काढू द्या."

नाना बाजूला झाले. खरं म्हणजे नंतर त्यांनीच पहिला टिकाव मारला.

खड्डा उकरणं सोपं नव्हतं. राख ओली होऊन घट्ट बसली होती, गिलाव्यासारखी. वरच्या थराला आमटीचा वास, खाली युरियाचा, त्याच्या खाली कसलाच नाही. दाजी घमेली भरून देत होते. मधेच एका ढेपेत पांढरं काहीतरी दिसलं, नखाएवढं. दाजींनी ते बोटानं उचललं, बघितलं, आणि आयुष्यभर गिऱ्हाइकाला हसून बोलणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा कुणाला काही विकायचं नसल्यासारखा झाला. त्यांनी ते खिशात ठेवलं. मग काढून आईच्या हातात दिलं. आईनं पदराच्या टोकाला बांधलं.

"आता ही कुठं टाकू?" दाजींनी घमेल्याकडे बोट केलं.

"हरभऱ्यात पसरा," मी म्हणालो. "पातळ. एका जागी नको. एवढ्या मोठ्या रानाला ही काही करणार नाही. उलट पालाशच आहे, पिकाला खतासारखा."

आई म्हणाली, "द्या हिकडं."

तिच्यात घमेलं उचलायची ताकद नव्हती. मी घमेलं धरून चालत होतो आणि ती मुठीमुठीनं फोकत होती, युरिया फोकतात तशी, हात लांब फेकून. कुठली मूठ पायाची आणि कुठली डोक्याची हे तिनं विचारलं नाही. वारा उलटा होता, बरीचशी राख आमच्याच अंगावर येत होती. दोघंही पांढरे झालो. बांधावरून कुणी जाणारा थांबला, बघितलं, रामराम घातला आणि पाय उचलला.

परत आलो तेव्हा नानांनी कलम मुळासकट बाहेर काढून गोणपाटावर ठेवलं होतं. शेजारी तळ्यातल्या गाळाची माती आणि जुनं शेणखत आणून तयार. दाजींच्या हातात लोहाच्या फवारणीची बाटली, झाकण उघडलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसलो.

मुळं जगली असती तर पांढरी, तुटताना कटकन आवाज करणारी असती. ही काळी होती. मी एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं, तर साल हातात आली आणि आतला दोरा तेवढा राहिला. दुसरं तसंच. तिसरं तसंच. सोटमुळाच्या टोकाशी मी नखानं खरवडलं. तपकिरी. आणखी वर खरवडलं. तपकिरी.

आई समोर बसली.

"जगंल?"

दाजी माझ्या मागं उभे होते. ते हलकेच म्हणाले, "हो म्हण." ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. तोही त्याच अर्थाचा. त्यांचं बरोबर होतं. हो म्हटलं असतं तर आठ दिवस मिळाले असते. आठ दिवसांत रोपवाटिकेतलं ते डावीकडं वाकलेलं कलम आणता आलं असतं, त्याला हिरवं पान फुटलं असतं, आईनं भाकरी खाल्ली असती. नाही म्हटलं तर हिरवं पान कधीच फुटणार नव्हतं, आणि भाकरीचं तिनं काय सांगून ठेवलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्यात आप्पांच्या वेळी डॉक्टर बोलताना टेबलावरच्या काचेकडे बघायचा, तसं मला मुळांकडे बघत राहावंसं वाटत होतं.

"इंद्रा. खरं सांग."

"नाही," मी म्हणालो. "नाही जगणार."

ताईचा हात खांद्यावरून निघाला.

"आता ही नवी माती घातली तरी?"

"तरी."

"आवशीद मारलं तरी?"

"पानं चार दिवस हिरवी दिसतील. खाली काही राहिलेलं नाही, आई."

तिनं हात पुढं करून ती काळी मुळं चाचपली. मीठ-मसाला चिमटीत बघावा तशी बोटं एकमेकांवर घासली.

"शेवटच्या दिशी," ती म्हणाली, कुणालाच म्हणाली, "तू आवशिदं आणाय गेलतास. मी दुधात भात कुस्करून, गाळून नेला. चमचा तोंडाशी नेला तर त्यांनी हात जोडले मला. बोलता तर येत न्हवतं. आसं, हात जोडले. मी म्हटलं, जोडा की, पर येवढा घ्या. आन् घातला. त्यांनी घेतला. माझ्या तोंडाकडं बघून घेतला. मग सांजपातूर ठसकत हुते."

कोपऱ्यात गाय कडबा ओढत होती तेवढाच आवाज.

"त्यास्नी नको हुतं," ती म्हणाली. "मला कळत हुतं नको हाय म्हणून. पर न्हाई घातलं तर मी काय करायचं हुतं दिसभर?"

दाजी नेहमीच्या सवयीनं पुढं झाले. "सासूबाई, एक फवारा मारून तरी बघू..."

"जावईबापू, ठिवा ते खाली." आवाज चढलेला नव्हता. "आता ह्याला कुणी काय घालायचं न्हाई. च्या न्हाई, पानी न्हाई, काय न्हाई. लावा मातीत तेवढं. निजलेलं बरं दिसत न्हाई. उभ्यानं जाऊ दे."

आम्ही ते लावलं. गाळाच्या चांगल्या मातीत, सरळ, बुडखा दाबून. नानांनी ओंजळभर पाणी घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. भाषण केलं नाही.

आई झाडाशेजारी बसून राहिली. खोडावर हात, तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. तिच्याजवळ वाटी नव्हती, चमचा नव्हता. ताई मला म्हणाली, "आता ती इथंच बसून जायची बघ. तुझ्या खरेपणाला आग लागो." मलाही तसंच वाटत होतं.

ऊन कलल्यावर आई उठली. हौदावर जाऊन तिनं हात धुतले, तोंड धुतलं, केसांतली राख झटकली. आम्ही सोप्यात बसलो होतो. ती आमच्या मधून गेली. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला. ताई उठायला लागली, तर दाजींनी तिचा हात धरला.

मी दारात जाऊन उभा राहिलो. आईनं सकाळची गार भाकरी काढली होती. सोबत काही घेतलं नव्हतं. तिनं कोरभर मोडली, तोंडात घातली आणि चावत राहिली. खूप वेळ. वाळकी भाकरी दाताखाली फुटत होती ते मला ऐकू येत होतं. तिनं माझ्याकडे पाठ केली.

मग तिनं गिळलं. घास खाली उतरेपर्यंत ती गळ्यावर हात ठेवून उभी होती.